लेकीकडं जायचं तर डिसेंबरात जा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरात माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून येतोय, पत्र मात्र आज पहिल्यांदा लिहितेय. कारण असं की सध्या आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत तीन घरांत परदेशी जायची गडबड चालू आहे, कुणाचा लेक अमेरिकेत, कुणाची लेक कॅनडात, आणि तिघांचीही तिकिटं मे-जूनची. का तर तिथं हिवाळ्यात बर्फ असतो, म्हातारी माणसं घरात कोंडून पडतात, पाय घसरला तर काय घ्या. आम्हालाही हेच सगळ्यांनी सांगितलेलं, आणि आम्ही दोन वेळा उन्हाळ्यात जाऊन आलो ते याच भीतीनं. पण गेल्या डिसेंबरात आम्ही पहिल्यांदा बर्फात गेलो आणि आता मला मनापासून वाटतंय की ज्यांची लेकरं थंड देशात आहेत त्यांनी एकदा तरी हिवाळ्यातच जावं, म्हणून हे लिहितेय, जमलं तर लोकांची तिकिटं निघायच्या आत छापा.

माझी लेक टोरांटोजवळ मिसिसागाला असते, लग्न होऊन गेली त्याला 11 वर्षं झाली. उन्हाळ्यात गेलो तेव्हा काय झालं सांगते. ऊन रात्री नऊ वाजेपर्यंत, झाडं हिरवीगार, सगळं छानच, पण लेक आणि जावई दोघंही कामावर, नातू समर कॅम्पला, शनिवार-रविवार आला की गाडीत बसून नायगारा, नाहीतर कुणाचा तरी बार्बेक्यू, कुणाचं तरी लग्न. तिथं उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा, त्यामुळं त्या दिवसांत माणसं घरात सापडतच नाहीत, वर्षभराचं बाहेरचं सगळं त्यात उरकायचं असतं. आम्ही दोघं मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसायचो, संध्याकाळी लेक यायची ती दमून. दोन्ही वेळेला परत येताना विमानात मला वाटलं की देश बघितला पण लेकीशी बोलायचं राहूनच गेलं.

मग गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, आई दिवाळीला मला सुट्टी नाही, लक्ष्मीपूजनाला पण मी ऑफिसातच, मला सुट्टी मिळते ती नाताळात, शाळा पण दोन आठवडे बंद असते, तेव्हा घर इतकं शांत असतं की मला आपल्या घरातले आवाज आठवतात. ती रडली वगैरे नाही, असंच बोलता बोलता बोलली. पण मला रात्रभर झोप नाही. सकाळी मी यांना म्हटलं, तिकिटं काढायची.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई आणि तिथून विमान. सोबत गुळाच्या ढेपा, कांदा-लसूण चटणी, तीळ, संक्रांतीचा हलवा, सगळं फॉर्मवर लिहून दाखवलं, मटण-दुधाचं तिकडं चालत नाही म्हणून काही नेलं नव्हतं. एक बॅग मागं राहिली ती तिसऱ्या दिवशी आली, आणि नेमके त्याच बॅगेत सगळे स्वेटर. पण त्याचं काही अडलं नाही ते का, हे पण सांगते कारण जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. आपल्याकडचे स्वेटर तिथं बाहेर फारसे कामाला येत नाहीत. आत अंगाला चिकटून थर्मल, मधे लोकरीचं काहीतरी, आणि वर वारा आत न येऊ देणारं जाड जॅकेट, असे तीन थर लागतात, आणि बूट तिथलेच घ्यायचे, खाली खोल नक्षीचं रबर असलेले. इथून हजारो रुपये खर्चून जाड कपडे नेण्यापेक्षा ते पैसे तिथं बुटावर घाला. घरात तर हीटर असतो, आपल्या सुती गाऊनवर वावरता येतं, फक्त हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात आणि दाराच्या कडीला हात लावला की बारीक चटका बसतो, खोबरेल तेल मात्र भरपूर न्या.

पहिला बर्फ आम्ही गेल्यावर चौथ्या रात्री पडला. पहाटे तीनला मला जाग आली, झोपेची वेळ अजून उलटीच होती, इथं तेव्हा दुपारचा दीड वाजलेला. जाग आली ती आवाजानं नाही तर आवाज बंद झाल्यानं. त्यांच्या घरामागं मोठा रस्ता आहे, त्याची घरघर सतत असते, ती गेलेली. पडदा बाजूला केला तर बाहेर रात्र असूनही उजेड, आभाळ गुलाबीसर, आणि गिरणीत पिठाची भुकटी उडते तसं काहीतरी तिरकं तिरकं पडत होतं. मी यांना उठवलं. 67 वर्षांचा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पडताना बघत होता, काचेला नाक लावून उभे राहिले आणि अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत. मग पायऱ्यांवर नातवाचा आवाज आला, आजी पडला का गं? त्याला पण जाग आलेली. आम्ही तिघं पहाटे तीन वाजता अंधारात चहा पीत बसलो (तो दूध) आणि बघत होतो, इतकं साधं सुख मला कधी मिळालेलं आठवत नाही.

सकाळी सगळी गल्लीच बाहेर. आणि हेच मला सांगायचंय. उन्हाळ्यात महिनाभर राहून शेजाऱ्याचं तोंड बघितलं नव्हतं, आणि त्या दिवशी प्रत्येक दारात माणूस, हातात रुंद फावडं, बर्फ ढकलतोय आणि एकमेकांशी बोलतोय. रस्त्याचा बर्फ ढकलायला सरकारी ट्रक येतो, त्याला पुढं लोखंडी फाळ असतो, तो रस्ता साफ करतो पण जाता जाता प्रत्येकाच्या गाडीच्या वाटेवर तोंडाशीच एक घट्ट बांध टाकून जातो, मीठ आणि चिखल मिसळलेला, ओल्या सिमेंटसारखा जड. तो काढणं खरं कष्टाचं काम. पलीकडच्या घरात एक चिनी आजोबा राहतात, त्यांना इंग्रजी येत नाही, यांना पण बेताचंच येतं, दोघांनी मिळून दोन्ही घरांचे बांध फोडले आणि नंतर रोजचं ठरूनच गेलं. ते आजोबा एक दिवस डंपलिंग घेऊन आले, मी त्यांना तिळाच्या वड्या दिल्या.

घसरायचं म्हणाल तर हे एकदा घसरले, ते खोटं कशाला सांगू. तिथं पोस्टमन दारात येत नाही, गल्लीच्या कोपऱ्यावर सगळ्यांच्या टपालपेट्या एकत्र असतात, तिथवर जायचं म्हणून साध्या बुटात गेले. बर्फावर माणूस सहसा पडत नाही, पडतो तो दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या पाण्यावर, तो पातळ थर काचेसारखा पारदर्शक असतो, खाली डांबर दिसतं म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. मनगट सुजलं, हाड शाबूत. त्यानंतर जावईबापूंनी चालायला शिकवलं, पाऊल छोटं, पूर्ण तळवा एकदम टेकायचा, गुडघे किंचित वाकवून, हात खिशाबाहेर. मीठ टाकतात त्यानं बर्फ वितळतो पण फार थंडी पडली की मीठही काम करत नाही, त्या दिवशी वाळू किंवा खडी टाकतात. हे सगळं दोन दिवसांत अंगवळणी पडतं. आपण पावसाळ्यात शेवाळलेल्या घाटावरून चालतोच की.

उजेडाचं मात्र मला जड जाईल असं वाटलेलं. डिसेंबरात तिथं दिवस जेमतेम नऊ तासांचा, पावणेपाचला दिवस मावळतो. पण सूर्य खाली असतो म्हणून त्याचं ऊन घरात किती आत येतं ते मी पहिल्यांदा बघितलं. उन्हाळ्यात जे ऊन खिडकीच्या चौकटीवरच थांबायचं ते आता हॉल ओलांडून पार स्वयंपाकघरातल्या भिंतीपर्यंत. तिथं लेकीनं अंबाबाईचा फोटो लावलाय. चारच्या सुमाराला ते ऊन आधी खालच्या कपाटावर, मग फोटोच्या चौकटीवर, मग देवीच्या चेहऱ्यावर. आपल्याकडं 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी असा किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात, पहिल्या दिवशी पायावर, मग छातीवर, मग मुखावर. लहानपणी मी लेकीला कडेवर घेऊन त्या गर्दीत उभी राहायचे. ती म्हणाली, आई मी फोटो मुद्दाम मोजून तिथं लावलाय. हे मला अकरा वर्षांत माहिती नव्हतं, कारण उन्हाळ्यात ते ऊन तिथवर येतच नाही.

एक दिवस आम्हाला तिथल्या एका जत्रेला नेलं, बर्फातली जत्रा, मुलं टेकडीवरून घसरगुंडी करतात, बर्फाच्या मूर्ती असतात. तिथं एक माणूस मोठ्या भांड्यात मेपलचा पाक उकळत होता. आमचे सासरे करवीर तालुक्यात गुऱ्हाळ चालवायचे, यांचं बालपण चुलवाणाशेजारी गेलेलं, हे तिथंच थांबले. त्या माणसानं स्वच्छ बर्फ दाबून एका लाकडी पन्हाळीत भरलेला, त्यावर गरम पाकाची धार सोडली, दोन क्षणात ती घट्ट झाली, मग काडीवर गुंडाळून हातात दिली. हे मला म्हणाले, अगं ही तर गोळी बघायची परीक्षा. आपल्याकडं काहिलीतला रस आटत आला की गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो, गोळी झाली की काहील उतरायची, तेच. नातवाला दुभाषा केला आणि अर्धा तास त्या माणसाशी बोलत बसले. तो म्हणाला, झाडाला भोक पाडून पाणी गोळा करतो, रात्री गोठलं पाहिजे आणि दिवसा वितळलं पाहिजे असे फेब्रुवारी-मार्चाचे दिवस लागतात, साधारण 40 लिटर रस आटवला तर 1 लिटर सिरप. हे म्हणाले, आमच्याकडं टनभर ऊसाला शंभरएक किलो गूळ. मग खिशातून गुळाचा खडा काढून त्याला दिला, नातवासाठी ठेवलेला. त्यानं तो जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि नातवाला विचारलं, तुझे आजोबा कुठल्या गावचे? नातू म्हणाला, कोल्हापूर. जन्म तिथला त्याचा, पण त्यानं मिसिसागा सांगितलं नाही, कोल्हापूर सांगितलं, यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता ज्याच्यासाठी खरं हे पत्र लिहायला बसले ते.

माझी एक बालमैत्रीण आहे, गल्लीतलीच, पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत एका बाकावर बसलेलो. 1985 साली लग्न होऊन ती ऑटावाला गेली. आईवडील गेले, भावांनी घर विकलं, 2003 नंतर तिचं कोल्हापूरला येणंच झालं नाही. आधीच्या दोन्ही खेपेला आम्ही तिथं असताना भेट झाली नाही, उन्हाळ्यात ती नातवंडांच्या मागं, आम्ही फिरण्यात, फोनवर पुढच्या वेळी नक्की असं म्हणून संपायचं. ऑटावा मिसिसागापासून साडेचारशे किलोमीटरच्या पुढं. या वेळी ती म्हणाली, मी निवृत्त झाले, नाताळात मुलं सासरी गेलीत, मीच येते, एक रात्र राहते.

निघाली तेव्हा आभाळ स्वच्छ होतं, वाटेत बर्फ सुरू झाला. एरवी साडेचार-पाच तासांचा रस्ता, तिला आणि तिच्या नवऱ्याला नऊ तास लागले. दर तासाला फोन, पुढचं काही दिसत नाही, ट्रकच्या मागच्या लाल दिव्याकडं बघत चाललोय. मी देवापुढं बसून राहिले. रात्री साडेनऊला गाडी दारात लागली, दार उघडलं, टोपीवर, भुवयांवर बर्फ, आणि आत पाऊल टाकायच्या आधी ओरडली, "आलो गं मी!"

बाहेरगावच्या वाचकांना कळावं म्हणून सांगते, आम्ही कोल्हापूरच्या बायका घरात मी आलो, मी जेवलो असंच बोलतो. पुण्या-मुंबईला गेलो की हसतात म्हणून बदलतो, पत्रात पण मी आले, गेले असंच लिहितेय. ही बाई चाळीस वर्षं कॅनडात राहिली, नोकरी इंग्रजीत केली, मुलांशी इंग्रजीत बोलली, आणि दारात आलो म्हणाली. मला तिला धरून उभं राहण्यापलीकडं काही सुचलं नाही, तिचं जॅकेट वितळून माझा गाऊन भिजला.

एका रात्रीसाठी आलेली ती तीन रात्री राहिली, कारण रस्ता बंद. हे बर्फानं केलं. उन्हाळा असता तर सकाळी नाश्ता करून गेली असती. पहिला दिवस हसण्यात गेला, गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून दूध देतात का अजून, रंकाळ्यावर भेळेच्या गाड्या कुठल्या आहेत, आपल्या शाळेच्या वाटेवरची चिंच आहे का तोडली. मी तांबडा-पांढरा केला, तिच्या नवऱ्यानं चार वाट्या पांढरा प्यायला. दुसऱ्या रात्री पुरुष झोपले, लेक आमच्यापाशी बसलेली, बाहेर वारा, आणि ही एकदम म्हणाली, आईला शेवटी साडी कुठली नेसवली होती?

तिची आई 1994 च्या जानेवारीत गेली. तार-फोन करून कळवलं, ती निघाली पण तिथं वादळ, विमानं बंद, मग मुंबई, मग इथवर, पोचली ती दहाव्या दिवशी. तोवर सगळं झालेलं. भाऊ आपापल्या दुःखात, कुणी तिला त्या दिवसाचं काही सांगितलं नाही, आणि तिनं कुणाला विचारलं नाही. तीस वर्षं तो प्रश्न तिनं मनात ठेवलेला. आणि मी त्या घरात होते. मी आणि माझ्या सासूबाईंनीच त्यांना आंघोळ घातलेली. मी सांगितलं, हिरवं इरकल, तुझ्या लग्नात घेतलेलं. कुंकू मी लावलं. हातात काचेच्या बांगड्या होत्या, एक वाढवताना टिचली ती मी पदरात बांधून घेतली. पहाटे चहा मागितला होता आणि अर्धा कप प्यायल्या. तुझं नाव घेतलं का, तर हो, ती जेवली का असं विचारलं, त्यांना तू शाळेतून यायची आहेस असं वाटत होतं. पंचगंगेवर नेलं तेव्हा धुकं होतं, रक्षाविसर्जनाला अख्खी गल्ली होती. एक एक करत तिनं सगळं विचारलं आणि मला जे जे आठवलं ते सगळं सांगितलं, पहाटेपर्यंत. शेवटी ती म्हणाली, आता मी पण तिथं होतो.

माझी लेक शेजारी बसून ऐकत होती. काही बोलली नाही. माझा हात मात्र तिनं सोडला नाही. ती पण तेवढ्याच लांब आहे आणि मी पण आता 64 ची आहे, आम्हा दोघींना काय कळायचं ते कळलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी भाकरी करताना खूप बोललो, जे अकरा वर्षांत फोनवर जमलं नव्हतं ते, त्यातलं सगळं इथं लिहायचं नाही.

संक्रांतीपर्यंत थांबलो. उणे 14 होतं त्या दिवशी. आपल्याकडं अधिक 14 ला आम्ही मफलर काढतो. लेकीनं हळदीकुंकू ठेवलं तर वाटलं कोण येणार एवढ्या थंडीत, पण बावीस बायका आल्या, काळ्या साड्यांच्या आत थर्मल, दारात बुटांचा ढीग, वितळलेल्या बर्फाचं थारोळं. सुगडात घालायला ऊस पाहिजे म्हणून भारतीय दुकानातून फ्रीजरमधली उसाची कांडी आणली, गोठलेली, तिला हात लावताना मला कसंतरीच झालं, आपल्याकडं या दिवसांत रस्त्यावर ट्रॉलीतनं पडलेला ऊस पोरं चघळत जातात. वाण म्हणून ओठांचं मलम दिलं, बायका खूश. त्यातल्या निम्म्या पोरी एकेक करून बाजूला येऊन मला म्हणाल्या, काकू आमच्या आईला पण सांगा ना हिवाळ्यात यायला, ती घाबरते.

म्हणून सांगतेय. त्या सगळ्या आयांनो, घाबरू नका. ज्यांना हृदयाचा, दम्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरला विचारूनच ठरवा, थंड हवा छातीला सोसत नाही आणि फावडं तर त्यांनी हातात धरायचंच नाही. विमा चांगला काढा, कॅनडाच्या सुपर व्हिसाला (लेकरांकडं जास्त दिवस राहायला आईवडिलांना मिळतो तो) तर किमान 1 लाख डॉलरचा विमा लागतोच, त्यात आधीपासूनच्या आजाराचं काय लिहिलंय ते स्वतः वाचा, आम्हाला विकणाऱ्यानं सगळं येतं सांगितलं आणि कागदात बीपीचं वेगळंच निघालं, लेकीनं वाचलं म्हणून वेळेत कळलं. एवढं सांभाळलं की बाकी काही अवघड नाही. आणि ज्यांना जाणं शक्य नाही त्यांनी त्या नाताळच्या आठवड्यात रोज फोन तरी करा, सुट्टी म्हणजे पोरं मजेत असतील असं आपण इथं समजतो.

मैत्रिणीचा परवा फोन आला होता. येत्या 31 जानेवारीला किरणोत्सवाला ती कोल्हापुरात असणार आहे, तिकीट काढलंय, बावीस-तेवीस वर्षांनी येतेय. माझी लेक पण तिच्याबरोबर यायचं म्हणतेय. वरची खोली आम्ही रंगवायला काढलीय.

आपली,
एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर